संस्था कामाने जगते

(महाराष्ट्र सदन, कस्तुरबा गांधी मार्ग, नवी दिल्ली येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाची मुद्रित संहिता)



दिल्ली आणि आसपासच्या रसायनज्ञांचे आपले स्थानिक मंडळ गेली काही वर्षे कागदावरच उरले आहे. ते पुन्हा उभे राहावे म्हणून काय करता येईल, यावर बोलायला तुम्ही मला बोलावले. स्मृतिव्याख्यानासाठी हा विषय लहान आहे असे मला वाटत नाही. ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण ही व्याख्यानमाला चालवतो, ती माणसे तास संपल्यावर घरी जाणारी नव्हती. सभा, मंडळे, नियतकालिके ही त्यांच्या शिकवण्याचीच अंगे होती. त्यांची आठवण काढायची तर त्यांनी चालवलेले काम पुन्हा सुरू करणे, हा मला सर्वांत सरळ मार्ग दिसतो.

आपण बसलो आहोत त्या रस्त्यापासून सुरुवात करू. या रस्त्याचे जुने नाव कर्झन रोड. महाराष्ट्र सदनाखेरीज याच रस्त्यावर ब्रिटिश कौन्सिल आहे, अमेरिकन सेंटर आहे आणि जर्मनांचे मॅक्स म्यूलर भवनही आहे. रसायनज्ञांच्या तीन जुन्या संस्था याच तीन देशांतल्या: लंडनची केमिकल सोसायटी १८४१ ची, बर्लिनची जर्मन केमिकल सोसायटी १८६७ ची आणि न्यूयॉर्कला स्थापन झालेली अमेरिकन केमिकल सोसायटी १८७६ ची. आज त्यांचा पसारा पाहून आपल्याला वाटते की पैसा होता म्हणून हे झाले. त्यांचा इतिहास वाचला की निराळेच दिसते. त्यांच्यावरही वाईट दिवस आले होते, आणि त्या सावरल्या त्या विशिष्ट कारणांनी. ती कारणे आपल्याला उपयोगी पडतील.

कार्लस्रूहचे तीन दिवस

रसायनज्ञांनी एकत्र बसावेच कशाला, हा प्रश्न आजचा तरुण विचारतो. शोधनिबंध फोनवर वाचता येतात, व्याख्याने घरी ऐकता येतात. या प्रश्नाला १८६० सालाने उत्तर देऊन ठेवले आहे.

त्या वेळी ऑक्सिजनचा अणुभार कोणी ८ मानी, कोणी १६. कार्बनचा कोणी ६, कोणी १२. पाण्याच्या सूत्रावरही एकमत नव्हते. केकुलेने आपल्या पाठ्यपुस्तकात ॲसेटिक ॲसिडची त्या काळी चालणारी एकोणीस सूत्रे एकाखाली एक छापली होती. प्रत्येक प्रयोगशाळा आपल्या जागी कष्ट करत होती आणि एकीचे म्हणणे दुसरीला कळत नव्हते. तेव्हा केकुले, वुर्ट्झ आणि वेल्ट्सिन यांनी जर्मनीतल्या कार्लस्रूह गावी परिषद बोलावली. ३ ते ५ सप्टेंबर या तीन दिवसांत सव्वाशेहून अधिक रसायनज्ञ जमले. चर्चा खूप झाली, पण सर्वांना बांधील असा निर्णय झाला नाही. परिषद संपता संपता इटलीच्या कॅनिझारोची एक पुस्तिका त्याचा सहकारी पावेसी याने उपस्थितांना वाटली. आव्होगाद्रोच्या कल्पनेवरून अणुभार कसे ठरवावेत, हे त्या पुस्तिकेत स्वच्छ मांडले होते. लोथार मायरने ती पुढे निवांत वाचली आणि त्याच्या मनातल्या शंका फिटल्या. सभेला सव्वीस वर्षांचा मेंडेलेयेव्हही हजर होता. १८६९ ची त्याची आवर्तसारणी सुसंगत अणुभारांशिवाय उभी राहिलीच नसती.

ती पुस्तिका त्याआधी दोन वर्षे छापून पडलेली होती. माणसे एका जागी आली तेव्हा ती वाचली गेली. छापील मजकूर सर्वांना मिळतो, पण त्यातले आपल्या कामाचे नेमके काय, हे बहुधा शेजारी बसलेला सांगतो. मंडळाचे पहिले प्रयोजन हे.

न्यूपोर्टचा धडा

आता अमेरिकेकडे वळू, कारण आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उदाहरण तिथले आहे.

ऑक्सिजनचा शोध लावणाऱ्या प्रिस्टलीच्या पेनसिल्व्हेनियातल्या घरी १८७४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी रसायनज्ञ त्या शोधाची शताब्दी साजरी करायला जमले. राष्ट्रीय संस्थेची कल्पना तिथे निघाली, पण लगेच मान्य झाली नाही. दोन वर्षांनी, ६ एप्रिल १८७६ ला, न्यूयॉर्कमध्ये ३५ जण जमले आणि अमेरिकन केमिकल सोसायटी स्थापन झाली. नावात सारा देश आणि कारभार एका शहराच्या हाती, असा तो प्रकार होता. सभा न्यूयॉर्कमध्ये, पदाधिकारी न्यूयॉर्क परिसरातले. बाकी शहरांतल्या सभासदांनी वर्गणी भरायची आणि गप्प बसायचे. लोक हळूहळू गळाले. वॉशिंग्टनच्या रसायनज्ञांनी १८८४ साली आपली वेगळी सोसायटीच काढली.

१८८९-९० च्या सुमाराला ही राष्ट्रीय संस्था टिकते की नाही, अशी स्थिती होती. तिच्याविरुद्ध नवी संस्था काढावी, अशीही हालचाल झाली. त्या चळवळीत भूविज्ञान सर्वेक्षणाचे मुख्य रसायनज्ञ फ्रँक क्लार्क आणि कृषी खात्याचे मुख्य रसायनज्ञ हार्वे वायली पुढे होते. शेवटी समेट झाला. १८९० च्या ऑगस्टमध्ये संस्थेची सर्वसाधारण सभा प्रथमच न्यूयॉर्कबाहेर, ऱ्होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्टला भरली, आणि ठिकठिकाणी स्थानिक विभाग काढण्याचा मार्ग मोकळा झाला. पहिला विभाग १८९१ साली ऱ्होड आयलंडचा. देशातले सर्वांत छोटे राज्य ते! नंतर न्यूयॉर्कचा झाला, आणि वेगळी झालेली वॉशिंग्टनची सोसायटीही विभाग म्हणून परत आली. आज या संस्थेचे १८० हून अधिक स्थानिक विभाग आहेत.

यातली एक गोष्ट मी अधोरेखित करतो. मरणाला टेकलेल्या राष्ट्रीय संस्थेला गावोगावच्या लहान विभागांनी जगवले. विभागाला आपले पदाधिकारी, आपल्या सभा आणि आपले विषय ठरवण्याचा अधिकार मिळाला, तेव्हा माणसे परत आली. आपल्याकडे समजूत उलटी आहे. वरची संस्था बळकट झाली की खालच्या शाखा आपोआप फुलतील, अशी वाट आपण पाहत बसतो.

वायली यांचे पुढचे चरित्रही पाहा. १८९३ आणि १८९४ या दोन वर्षी ते सोसायटीचे अध्यक्ष होते. अन्नातल्या भेसळीविरुद्ध आणि घातक परिरक्षकांविरुद्ध ते वर्षानुवर्षे लढले. अमेरिकेचा १९०६ चा शुद्ध अन्न आणि औषध कायदा होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. संस्था सावरणारा माणूस आणि लोकांच्या ताटातले अन्न तपासणारा माणूस एकच होता, याला मी योगायोग मानत नाही.

जर्मनांकडून घेण्यासारखी एक गोष्ट थोडक्यात सांगतो. बर्लिनची सोसायटी ज्यांच्या पुढाकाराने झाली ते हॉफमन त्याआधी वीस वर्षे लंडनला शिकवत होते आणि तिथल्या केमिकल सोसायटीचे अध्यक्षही झाले होते. एका गावी पाहिलेली चांगली पद्धत त्यांनी दुसऱ्या गावी नेली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन संस्था नव्याने बांधावी लागली. तिने शहराशहरांत स्थानिक शाखा ठेवल्या आणि १९९७ मध्ये तरुण रसायनज्ञांसाठी स्वतंत्र मंच काढला. त्या मंचाचे कार्यक्रम तरुणच ठरवतात.

कलकत्ता, १९२४

आपल्या देशात ही परंपरा नव्हती, असे कोणी म्हणू नये. भारतीय विज्ञान काँग्रेस सुरू झाली ती दोन रसायनज्ञांमुळे, मद्रासचे सायमनसन आणि लखनौचे मॅकमहॉन. तिचे पहिले अधिवेशन जानेवारी १९१४ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत भरले.

पहिल्या महायुद्धानंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डोनान यांच्या प्रयोगशाळेत ज्ञानचंद्र घोष, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी आणि शांतिस्वरूप भटनागर हे तीन तरुण भारतीय काम करत होते. आपल्या देशातल्या रसायनज्ञांची संस्था हवी, ही कल्पना त्यांच्या बोलण्यातून आकाराला आली. १९२४ साली कलकत्त्याला इंडियन केमिकल सोसायटी स्थापन झाली. आचार्य प्रफुल्लचंद्र राय पहिले अध्यक्ष आणि मुखर्जी पहिले सचिव. त्याच वर्षी तिचे त्रैमासिकही निघाले. १९२७ मध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ केमिस्ट्स निघाली. तिने व्यवसायाच्या परीक्षा घेतल्या, आणि तिची अन्नविश्लेषणाची परीक्षा उत्तीर्ण होणारा सार्वजनिक विश्लेषकाच्या पदाला पात्र ठरावा, अशी तरतूद पुढे सरकारी नियमांत आली. १९९९ मध्ये प्रा. सी. एन. आर. राव यांच्या अध्यक्षतेखाली केमिकल रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली.

लंडनमधल्या त्या तिघा तरुणांपैकी भटनागर पुढे दिल्लीचे झाले. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे ते पहिले प्रमुख. त्या परिषदेचे मुख्यालय इथून जवळच, रफी मार्गावर आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान विभागात शिकलेले डॉ. रघुनाथ माशेलकर १९९५ पासून अकरा वर्षे त्याच खुर्चीत होते. म्हणजे राष्ट्रीय पातळीवर आपल्याकडे संस्थाही आहेत आणि माणसेही आहेत. उणीव आहे ती शहराच्या पातळीवर.

जरा आजूबाजूला पाहू. दिल्ली विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग आणि त्याची महाविद्यालये, आयआयटी, जेएनयू, जामिया, पुसाची कृषी संशोधन संस्था, राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, श्रीराम इन्स्टिट्यूट, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, गाझियाबादचा भारतीय औषधकोश आयोग, फरिदाबादचे इंडियन ऑइलचे संशोधन केंद्र. शिवाय ओखला, नोएडा, गुरुग्राममधल्या खासगी तपासणी प्रयोगशाळा. इतके रसायनज्ञ एका महानगरात आहेत. त्यातला औषधांचा विश्लेषक आणि पाण्याचा विश्लेषक एकच क्रोमॅटोग्राफ वापरतात, एकाच अडचणीत अडकतात, आणि एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांना एका खोलीत आणणारी जागा म्हणजे स्थानिक मंडळ.

मुंबई, १९६६

हे कसे करायचे, याचा धडा आपल्या घरातच आहे. १९६६ साली मुंबईत दोन संस्था निघाल्या.

पहिली मराठी विज्ञान परिषद. म. ना. गोगटे यांच्या पुढाकाराने ती २४ एप्रिल १९६६ रोजी स्थापन झाली. शासनाचा हुकूम नाही, विद्यापीठाचा आधार नाही. सभासदांची वर्गणी, मासिक पत्रिका, दर वर्षी वेगळ्या गावी अधिवेशन आणि गावोगावचे विभाग एवढ्यावर ती सहा दशके चालली. तिच्यातून घेण्याजोगा गुण म्हणजे नियमितपणा. पत्रिका निघणार म्हणजे निघणार, अधिवेशन भरणार म्हणजे भरणार. मोठा वक्ता मिळाला तर सभा, एरवी नाही, असे तिने केले नाही.

दुसरी संस्था कन्झ्युमर गायडन्स सोसायटी. ग्राहकांच्या वतीने वस्तूंची तपासणी करून घेणाऱ्या आपल्या देशातल्या पहिल्या संस्थांपैकी ती एक. तिच्या कामात डॉ. कमला सोहोनी होत्या. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्षही होत्या आणि तिच्या ‘कीमत’ नियतकालिकात लिहीत असत.

कमलाबाईंविषयी दिल्लीकर मराठी माणसांसमोर थोडे विस्ताराने बोलायला हवे. माहेरच्या त्या भागवत, दुर्गाबाईंच्या धाकट्या बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनज्ञ. १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्या हटून बसल्या आणि वर्षभराच्या अटीवर प्रवेश घेऊन दाखवला. पुढे केंब्रिजला त्यांनी सायटोक्रोम सी हे प्राण्यांप्रमाणे वनस्पतींच्या पेशींतही असते हे दाखवून डॉक्टरेट मिळवली. १९३९ मध्ये परतल्यावर त्यांची पहिली नेमणूक झाली ती इथे, नवी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात, जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख म्हणून. ते महाविद्यालय या सभागृहापासून फार दूर नाही. नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेवर, डाळींवर, गरिबाच्या आहारातल्या पदार्थांवर काम केले. १९९८ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा गौरव केला. त्याच समारंभात त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या. मी आजचे बोलणे त्यांच्या स्मृतीला वाहतो.

ज्या बाईने पेशीतली द्रव्ये शोधली, तिला बाजारातली वस्तू शुद्ध आहे का हे तपासणे कमीपणाचे वाटले नाही. रसायनज्ञाच्या व्यावसायिक संस्थेचा कणा मला इथे दिसतो. प्रतिष्ठित संशोधन आणि शेजाऱ्याच्या उपयोगी पडणे या दोन्ही गोष्टी तिने एका हाताने केल्या.

मंडळ का थांबते

मग आपली मंडळे का थांबतात? वर्षानुवर्षे पाहिले त्यावरून चार कारणे सांगतो.

एक, आजीव सभासदत्व. एकदा रक्कम भरली की संबंध संपला. महागाईने ती रक्कम आटते. त्याहून वाईट म्हणजे दर वर्षी सभासदाकडे जाण्याचे, त्याला काय हवे हे विचारण्याचे निमित्तच नाहीसे होते. वार्षिक वर्गणी मागावी लागते तेव्हा वर्षभर काय केले हे सांगावे लागते. तो हिशोब मंडळाला जागे ठेवतो.

दोन, पदे. तेच अध्यक्ष, तेच सचिव, कारण दुसरे कोणी पुढे येत नाही. आणि दुसरे कोणी येत नाही, कारण जागा रिकामी होत नाही.

तीन, प्रमाणपत्रांच्या परिषदा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली. परिषदेतल्या सहभागाला गुण मिळू लागले आणि परिषदांचे पीक आले. निबंध वाचायचा, प्रमाणपत्र घ्यायचे, निघायचे. मंडळांनीही त्यात शक्ती खर्च केली, आणि प्रश्न विचारण्याची, वाद घालण्याची जागा आकसत गेली.

चार, आणि हे मूळ कारण. मंडळाने केले नाही तर अडेल, असे एकही काम त्याच्याकडे उरले नाही. व्याख्यान दुसरीकडेही होते, निबंध दुसरीकडेही छापून येतो. मंडळ बंद पडले तर या शहरात कोणाचे काय अडते, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला देता येत नाही. ते देता येईल त्या दिवशी सभासदही येतील आणि पैसाही येईल.

दिल्लीने समोर ठेवलेले काम

उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. यमुनेतला अमोनिया वाढल्याने पाणीपुरवठा घटला, ही बातमी दिल्लीत हिवाळ्यात वारंवार येते. वझिराबादला उचलल्या जाणाऱ्या पाण्यात तो सुमारे १ पीपीएमच्या वर गेला की शुद्धीकरण केंद्रांची अडचण होते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे. अडचण का होते? जंतू मारायला घातलेला क्लोरीन आधी अमोनियाशी जोडला जातो आणि क्लोरामाइने बनतात. पाण्यात मोकळा क्लोरीन उरायचा तर १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे आठ ते दहा मिलिग्रॅम क्लोरीन खर्ची पडतो. हे बारावीच्या मुलाला कळण्यासारखे रसायनशास्त्र आहे. पण नळ कोरडा पडतो तेव्हा ते त्याला समजावून सांगायला कोणी येत नाही. मंडळाने ते सांगितले पाहिजे, हिंदीत, मराठीत, पंजाबीत, वसाहतीच्या सभागृहात जाऊन.

दुसरे काम अधिक तांत्रिक आहे. पाण्याचा एकच नमुना दहा प्रयोगशाळांकडे पाठवावा: दोन महाविद्यालयांच्या, तीन खासगी, काही कारखान्यांच्या, काही सरकारी. प्रत्येकीने अमोनिया, कठीणपणा, नायट्रेट मोजावे. उत्तरे सांकेतिक क्रमांकाने एका तक्त्यात मांडावीत आणि सर्वांनी मिळून पाहावे की फरक कुठे पडला, नमुना साठवण्यात, प्रमाण द्रावणात की मोजणाऱ्याच्या हातात. मान्यताप्राप्त प्रयोगशाळांना अशा तुलना कराव्याच लागतात, पण महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला आणि लहान प्रयोगशाळेतल्या नव्या विश्लेषकाला त्या पाहायलाही मिळत नाहीत. इथे कोणाची नाचक्की होणार नाही आणि प्रत्येक जण शिकून जाईल. हे काम एकट्या प्रयोगशाळेला करता येत नाही, म्हणून ते मंडळाचे.

तिसरे काम सुरक्षिततेचे. भोपाळच्या दुर्घटनेला जेमतेम वर्ष झाले होते, तेव्हा ४ डिसेंबर १९८५ रोजी दिल्लीतल्याच एका कारखान्यातून ओलियम गळले. ओलियम म्हणजे संहत सल्फ्युरिक आम्लात विरघळवलेला सल्फर ट्रायऑक्साइड. हवेतल्या बाष्पाशी गाठ पडताच त्याचे आम्लधुके होते. त्या कारखान्याविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगाच्या संपूर्ण दायित्वाचे तत्त्व सांगितले, आणि ते आपल्या कायद्याचा भाग झाले. त्याच प्रकरणात न्यायालयाने आणखी एक अपेक्षा नोंदवली, ती मात्र आपण विसरलो. न्यायालयाला आणि सरकारला माहिती पुरवू शकेल असा स्वतंत्र, जाणकार तज्ज्ञांचा गट हवा, असे न्यायमूर्तींनी म्हटले होते. सर्वोच्च न्यायालय टिळक मार्गावर आहे, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कोपर्निकस मार्गावर. दोन्ही ठिकाणी इथून चालत जाता येते. कारखान्याचा नोकर नसलेला, सरकारचा अधिकारी नसलेला आणि तरीही विषय जाणणारा रसायनज्ञ हवा असेल तर त्यांनी कोणाचे दार ठोठवावे?

रासायनिक अपघातांविषयीच्या १९९६ च्या नियमांत जिल्हा आणि स्थानिक संकटगटांची तरतूद आहे. डोंबिवलीने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये स्फोट सोसले. कारखान्याच्या भिंतीला लागून घरे असलेली वस्ती दिल्ली परिसरातही आहे. वझीरपूरला पोलाद आम्लाने धुण्याचे व्यवसाय दाट वस्तीत चालत आले आहेत. अशा ठिकाणी कोणते द्रव्य आहे, त्यावर पाणी मारावे की मारू नये, वारा कुठल्या दिशेने आहे, एवढे सांगू शकणारी माणसे मंडळाच्या यादीत असली, तर मंडळ बंद पडल्यास काय अडते हा प्रश्नच उरणार नाही.

चौथे काम आपल्या स्वतःच्या घरातले. शाळा-महाविद्यालयांच्या कपाटांत वर्षानुवर्षे पडलेल्या बाटल्या आहेत. उघडून ठेवलेल्या इथरमध्ये पेरॉक्साइडे साठतात. पिक्रिक आम्ल ओले असते तोवर ठीक, वाळले की स्फोटक. अमोनिया ओळखण्याच्या नेसलर अभिकर्मकात पारा असतो आणि तो मोरीत ओतला जातो. शिक्षकाला हे माहीत असते, पण विल्हेवाट कशी लावायची हे एकट्याला उमगत नाही आणि विचारायला कोणी नसते. मंडळातल्या दोन अनुभवी माणसांनी शाळेत जाऊन कपाट पाहावे, यादी करावी, धोक्याच्या बाटल्या वेगळ्या काढाव्यात, अधिकृत यंत्रणेशी गाठ घालून द्यावी, आणि थोड्या द्रव्यात प्रयोग कसे बसवायचे ते दाखवावे. याला निधी फारसा लागत नाही. जाणकार माणसाचा वेळ लागतो.

वर्षभराचा कार्यक्रम

कामे सांगितली, आता बांधणीविषयी बोलतो.

महिन्यातला एक वार, एक वेळ आणि एक जागा ठरवावी आणि वर्षभर बदलू नये. वक्ता नसला तरी सभा व्हावी. त्या दिवशी एखाद्या सभासदाने आपल्या प्रयोगशाळेतली न सुटलेली अडचण मांडावी. जागा अशी असावी की फरिदाबादचा आणि रोहिणीचा माणूस मेट्रोने येऊन वेळेवर घरी पोहोचेल.

आजीव सभासदांना मान द्यावा, पण सर्वांनी वार्षिक वर्गणी भरावी. विद्यार्थ्यांसाठी ती नाममात्र असावी. जमाखर्च दर तिमाहीला सभासदांसमोर ठेवावा.

कोणतेही पद सलग दोन मुदतींपेक्षा अधिक काळ एकाकडे नसावे. कार्यकारिणीतल्या तृतीयांश जागा पस्तिशीच्या आतल्यांसाठी आणि तितक्याच अध्यापनाबाहेरच्यांसाठी, म्हणजे कारखान्यातल्या, तपासणी प्रयोगशाळेतल्या, सरकारी खात्यातल्या रसायनज्ञांसाठी राखाव्यात. बी.एस्सी. करून ओखल्यात दिवसाला पंधरा नमुने तपासणारी मुलगी हीसुद्धा रसायनज्ञ आहे. तिला मंडळात प्राध्यापकाइतकेच स्थान मिळाले, तरच मंडळाला व्यावसायिक संस्था म्हणता येईल.

मंडळ साऱ्या परिसराचे असावे, केवळ मराठी माणसांचे नव्हे. आपण मराठी लोक वर्गणी, इतिवृत्त, वार्षिक सभा यांत दीडशे वर्षे मुरलेले आहोत. न्यायमूर्ती रानड्यांच्या काळापासून सभा चालवणे ही आपली सवय आहे. ती सवय आपण या शहराला द्यावी आणि भाषेचा आग्रह आपल्या घरगुती मेळाव्यांसाठी ठेवावा.

२ ऑगस्ट हा प्रफुल्लचंद्रांचा जन्मदिवस. त्या दिवशी मंडळाने आपले दार सर्वांना उघडावे. नागरिकांनी घरचे पाणी, दूध, हळद घेऊन यावे, रसायनज्ञांनी समोर बसून तपासून द्यावे आणि निकालाचा अर्थही सांगावा. कमलाबाईंना हे काम आवडले असते.

ज्येष्ठांना माझी एक विनंती आहे. आपल्याकडे अनुभव आहे, ओळखी आहेत, निवृत्तीनंतरचा वेळ आहे. हे तिन्ही द्या आणि खुर्ची तरुणांना द्या. प्रफुल्लचंद्रांनी नव्या संस्थेचे अध्यक्षपद घेतले, पण तिचा रोजचा कारभार तिशीतल्या मुखर्जींच्या हाती होता. तरुणांनाही एक सांगणे आहे. मंडळ आपल्याला काय देईल, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि वर सांगितलेल्या चार कामांत उत्तर आहे. दहा प्रयोगशाळांतल्या माणसांशी ओळख, स्वतःच्या मोजमापावर विश्वास आणि वस्तीतल्या माणसाला आपले शास्त्र समजावण्याची हातोटी या गोष्टी प्रमाणपत्राने येत नाहीत.

एका वर्षाने आपण हिशोब करू. सभासद किती वाढले हे मी विचारणार नाही. किती प्रयोगशाळांनी एकच नमुना तपासला, किती शाळांची कपाटे निर्धोक झाली, आणि किती वेळा कोणी नागरिक, पत्रकार किंवा अधिकारी आपल्याकडे प्रश्न घेऊन आला, एवढे तीन आकडे मला सांगा. ते शून्य असतील तर नाव पुसून टाका आणि दुसऱ्या कोणाला नव्याने सुरुवात करू द्या. ते शून्य नसतील, तर मंडळ जिवंत आहे. मग सभासद, निधी आणि जागा यांची चिंता करण्याचे कारण नाही, कारण या शहरालाच ते मंडळ हवेसे झालेले असेल.

पहिल्या नमुन्यासाठी आपली प्रयोगशाळा देण्यास जे तयार असतील त्यांनी आजच, इथून जाण्यापूर्वी, नाव लिहून द्यावे.